नंदादेवीचे बंद दार

तीस-पस्तीस वर्षे मी शाळेत मुलांना इतिहास आणि भूगोल हे दोन विषय शिकविले. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा आजच्या या भाषणात कोणी पांडित्याची अपेक्षा करू नये. वर्गाच्या भिंतीवर टांगलेला नकाशा, हाती लागतील ती पुस्तके आणि मुलांचे प्रश्न एवढीच माझी सामग्री. त्यांतही मुलांचे प्रश्न हे मला अधिक मोलाचे वाटत आले आहेत. कारण पुस्तक आपल्याला उत्तरे देते, आणि मूल आपल्याला आपले उत्तर अपुरे असल्याचे दाखवून देते.

असाच एक प्रसंग सांगतो. हिमालयाचा धडा चालला होता. कांचनजंगेचे शिखर नेपाळच्या सीमेवर आहे. परंतु ज्याच्या चारही बाजू सर्वस्वी भारताच्याच भूमीत आहेत असे सर्वांत उंच शिखर म्हणजे नंदादेवी, असे मी नकाशावर काठी टेकवून सांगितले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "गुरुजी, मग तेथे जाता येते का?" मी म्हणालो, "नाही. सरकारने तेथे जाण्यास बंदी केली आहे." त्यावर त्याने विचारले, "डोंगर आपलाच, देश आपलाच, मग बंदी कोणापासून?" तास संपल्याची घंटा झाली आणि माझी सुटका झाली. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. आज इतक्या वर्षांनी त्या मुलाला द्यावयाचे उत्तर मी आपणांपुढे मांडणार आहे.

प्रथम त्या पर्वताची रचना ध्यानी घेतली पाहिजे. कारण त्याचा सारा इतिहास त्या रचनेतून उपजला आहे. नंदादेवी ही गढवालच्या मुलखात, आजच्या उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात आहे. तिची उंची २५,६४३ फूट, म्हणजे ७,८१६ मीटर. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, अन्य शिखरांची मोजणी होईपर्यंत, काही काळ हेच जगातील सर्वांत उंच शिखर असावे असा मोजणीदारांचा समज होता. शिखरे वस्तुतः दोन आहेत. पश्चिमेकडील मुख्य शिखर नंदादेवीचे, आणि पूर्वेकडील ७,४३४ मीटर उंचीचे तिच्या बहिणीचे, सुनंदेचे. दोहोंना जोडणारी सुमारे सव्वा मैल लांबीची एक अरुंद, धारदार कड आहे.

परंतु उंचीपेक्षाही अपूर्व अशी गोष्ट म्हणजे या पर्वताभोवतीचा तट होय. आपण महाराष्ट्रातले लोक गडकोटांच्या परिचयाचे आहोत. म्हणून मी गडाचीच उपमा देतो. मध्यभागी बालेकिल्ला असावा, त्याच्या भोवती मोकळे माळ असावे आणि त्या सर्वांना वेढणारा एक अखंड तट असावा, तशी ही रचना आहे. या तटाचा घेर सुमारे सत्तर मैलांचा आहे. त्रिशूळ, दुनागिरी, चंगबंग, कलंका, हरदेवल, मैकतोली ही त्याच्या बुरुजांची नावे. यांपैकी त्रिशूळ ७,१२० मीटर आणि दुनागिरी ७,०६६ मीटर उंच आहे. बुरुजांच्या मधला तटसुद्धा कोठेही सतरा हजार फुटांच्या खाली येत नाही. युरोपातील सर्वोच्च गणले जाणारे आल्प्सचे माथे पंधरा-सोळा हजार फुटांचे आहेत. म्हणजे या तटाचा सर्वांत बुटका भागही त्यांच्याहून उंच भरतो.

या तटाला दार एकच, आणि ते पश्चिमेस. आतल्या साऱ्या हिमनद्यांचे पाणी एकत्र होऊन ज्या फटीतून बाहेर पडते ती ऋषिगंगेची घळई. सप्तर्षींनी आपले अखेरचे आश्रयस्थान येथे केले अशी आख्यायिका आहे, त्यावरून नदीला हे नाव पडले. दोन्ही बाजूंनी हजारो फुटांचे उभे कडे आणि तळाशी फेसाळणारे पाणी, असे या दाराचे स्वरूप. ही ऋषिगंगा रैणी गावापाशी धौलीगंगेला मिळते, धौलीगंगा जोशीमठाच्या पायथ्याशी विष्णुप्रयागास अलकनंदेला मिळते, आणि अलकनंदा पुढे देवप्रयागास भागीरथीच्या भेटीनंतर गंगा म्हणून वाहू लागते. आपल्या आजी-आजोबांनी काशीहून आणून देव्हाऱ्यात ठेवलेल्या गंगाजलाच्या गडूत नंदादेवीच्या बर्फाचा अंश होताच होता, असे म्हणावयास हरकत नाही.

आता हवेचा विचार करू. दर हजार फूट वर चढावे तसे उष्णतामान सामान्यतः दोन अंश सेल्सिअसने उतरते. रैणी गाव आणि नंदादेवीचा माथा यांच्या उंचीत जवळजवळ एकोणीस हजार फुटांचे अंतर. म्हणजे रैणीच्या अंगणात पंधरा अंशांचे सुखद ऊन पडलेले असते, त्याच घटकेला माथ्यावर शून्याखाली वीस अंशांहून अधिक थंडी असते. देवदाराच्या रानातून निघून ध्रुवप्रदेशात पोहोचावयास येथे अक्षांश ओलांडावे लागत नाहीत. नुसते वर पाहावे लागते.

पावसाची तऱ्हा तर आणखी विलक्षण. महाबळेश्वरास दोनशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, पाचगणीस त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि घाट उतरून वाईस यावे तो तेथे शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला दिसतो. सह्याद्रीने ढग अडविले, पाणी आपल्या माथ्यावर रिचविले आणि पलीकडे कोरडा वारा सोडला, एवढाच त्याचा अर्थ. नंदादेवीचा तट हेच काम करतो. बंगालच्या उपसागराकडून गंगेच्या मैदानावरून चढत आलेले मोसमी वारे जूनच्या अखेरीस गढवालात पोहोचतात आणि तटाच्या बाहेरच्या उतारांवर आपला पुष्कळसा भार टाकतात. त्यामुळे आतील प्रदेशाचे वार्षिक पर्जन्यमान एकंदरीने कमी आहे. मात्र सप्टेंबरच्या आरंभापर्यंत धुके आणि खाली उतरलेले ढग तेथे रेंगाळत राहतात, माती ओलसर ठेवतात. म्हणून हिमालयाच्या अंतर्भागातील इतर रुक्ष खोऱ्यांपेक्षा येथे हिरवळ अधिक. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी वादळे बर्फ आणतात आणि वर्षातले सुमारे सहा महिने सारे बर्फाखाली असते. घळईच्या मुखाशी देवदार, सुरू व रोडोडेंड्रॉन यांचे रान, त्याच्या वर भूर्जवृक्ष, त्याच्या वर जमिनीलगत पसरणारी जुनिपरची झुडपे, मग गवत आणि शेवाळ, आणि अखेरीस नुसता दगड व हिम, अशा पायऱ्या येथे दिसतात. या पायऱ्यांवर भरल नावाची रानमेंढी, कस्तुरीमृग आणि त्यांच्या मागावर असणारा हिमबिबट्या यांची वस्ती आहे.

या हवामानाचा इतिहासाशी निकट संबंध आहे. मे-जून हे आत जाण्याचे दिवस; पण बर्फ वितळू लागताच नद्या फुगतात. पुढे पावसाळा लागतो आणि घळईतले उतार निसरडे व दगड सुटे होतात. सप्टेंबरात थोडी उसंत मिळते, तोवर हिवाळा दाराशी येतो. अर्थात या गडाला दगडाचा तट आहे तसाच ऋतूंचाही आहे.

गढवाल आणि कुमाऊँ येथील लोकांना या तटाच्या आत जाण्याची गरज कधी वाटली नाही. त्यांच्या दृष्टीने नंदा ही देवी आहे, आणि त्याहूनही जवळचे नाते सांगावयाचे तर ती त्यांची लेक आहे. कैलासावरचा शंकर हा तिचा पती. हिमालयाच्या खालची गावे हे तिचे माहेर. नंदेची राजजात म्हणून जी यात्रा साधारणपणे बारा वर्षांनी निघते, ती म्हणजे लेकीची सासरी पाठवणी होय. नौटी गावाहून निघून सुमारे २८० किलोमीटरांची पायपीट करीत ही यात्रा होमकुंडापर्यंत जाते; पुढे चालतो तो चार शिंगांचा मेंढा, ज्याच्या पाठीवर देवीची भेटवस्तू बांधलेली असते. होमकुंडापाशी माणसे थांबतात आणि मेंढा एकटाच हिमाकडे सोडला जातो. इ. स. २००० आणि २०१४ या वर्षी ही यात्रा झाली. भाद्रपदात गौरी घरी आणणाऱ्या आणि तिसऱ्या दिवशी तिला निरोप देताना डोळे पुसणाऱ्या आपल्या घरांतील बायकांना ही भावना समजावून सांगावयास नको. लेकीच्या सासरच्या माजघरात माहेरच्या माणसाने शिरावयाचे नसते. उंबरठ्यापाशी थांबावयाचे असते. गढवालचे लोक होमकुंडापाशी थांबले, यात मला मोठी समज दिसते.

उंबरठा ओलांडण्याचा पहिला प्रयत्न १८८३ साली डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रॅहम या इंग्रज गिर्यारोहकाने केला. ऋषिगंगेच्या घळईने त्याला परत पाठविले. १९०५ साली डॉ. टॉम लाँगस्टाफ पूर्वेकडील एका उंच खिंडीपर्यंत चढला आणि त्याने तटावरून आत डोकावून पाहिले. पण आत उतरणे त्याला साधले नाही. १९०७ साली तो पुन्हा आला. या खेपेस तो घळईच्या आतील भागात शिरू शकला नाही, तथापि १२ जून रोजी त्याने त्रिशूळाचे शिखर गाठले. मनुष्याने तोवर चढलेले ते सर्वांत उंच शिखर होते, आणि त्याच्यासमवेत करबीर बुराठोकी हा गुरखा शिपाईही माथ्यावर होता. पुढे अल्मोड्याचा कलेक्टर ह्यू रटलेज याने १९२६, १९२७ आणि १९३२ अशा तीन वेळा प्रयत्न केले आणि तिन्ही वेळा तो हात हलवीत परतला. लक्षात घ्या, पन्नास वर्षे लोटली होती. तेवढ्या अवधीत माणूस उत्तर आणि दक्षिण या दोन्ही ध्रुवांपर्यंत जाऊन आला. पण या सत्तर मैलांच्या तटाच्या आत मात्र त्याचे पाऊल पडले नव्हते.

ते पाऊल १९३४ साली पडले. एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे दोन इंग्रज व अंगथार्के, पासांग आणि कुसांग हे तीन शेर्पा, अशी पाचच माणसे. मोठा लवाजमा नाही, शे-दोनशे हमाल नाहीत. घळईतील शेवटचे काही मैल कापावयास त्यांना आठवड्याहून अधिक दिवस लागले. कड्यांवरच्या हातभर रुंदीच्या फळ्यांवरून ओझी पुढे सारावयाची, वाट खुंटली की मागे फिरावयाचे, थंडगार प्रवाह कंबरभर पाण्यातून ओलांडावयाचा, असे करीत ते आत पोहोचले. समोर विस्तीर्ण कुरणे पसरली होती, त्यांवर भरलांचे कळप चरत होते आणि मध्यभागी नंदादेवी उभी होती. पावसाळा लागताच ते बाहेर पडले, ऑगस्टमध्ये पुन्हा आत गेले, आणि दक्षिणेकडील सुंदरढुंगाच्या खिंडीवरून जिवावर उदार होऊन बाहेर उतरले. या साऱ्या मोहिमेत शेर्पांचा वाटा साहेबांच्या वाट्याहून तसूभरही उणा नव्हता.

दोनच वर्षांनी, २९ ऑगस्ट १९३६ रोजी, ब्रिटिश व अमेरिकन गिर्यारोहकांच्या एका लहानशा तुकडीतील टिलमन आणि नोएल ओडेल हे दोघे मुख्य शिखरावर पोहोचले. वस्तुतः ओडेलबरोबर जावयाचा मान चार्ल्स ह्यूस्टन या तरुण अमेरिकनाचा होता. पण डब्यातले मांस बाधून तो आजारी पडला आणि त्याच्या जागी टिलमन गेला. १९५० साली अन्नपूर्णा सर होईपर्यंत माणसाने पाय ठेवलेले सर्वांत उंच शिखर हेच होते. याच मोहिमेत कितार नावाचा एक अनुभवी शेर्पा आमांशाने तळावर मरण पावला. आणि योगायोग असा की, ज्या दिवशी हे दोघे माथ्यावर उभे होते त्याच दिवशी दक्षिणेकडील पिंडर नदीला महापूर येऊन थराली गावी सुमारे चाळीस माणसे वाहून गेली. देवीचा कोप झाला, असे लोक म्हणाले. मी शाळामास्तर, ऑगस्ट हा पावसाचा जोर असलेला महिना आहे आणि त्या उतारांवर पाणी कसे धावते हे मी नुकतेच आपणांस सांगितले. तथापि लोकांच्या बोलण्याला मी हसणार नाही. पुढे काय झाले हे ऐकल्यावर आपणही हसणार नाही.

एकदा वाट सापडली की ती सर्वांची होते. १९३९ साली सरकारने या प्रदेशात शिकारीस बंदी करून त्याला अभयारण्य ठरविले. त्याच वर्षी पोलंडच्या गिर्यारोहकांनी पूर्वेकडील सुनंदा शिखर सर केले. पण त्यांच्यापैकी दोघे काही दिवसांतच जवळच्या तिरसुली पर्वतावर हिमकड्याखाली गाडले गेले. १९५१ साली दुप्ला आणि व्हीन्य हे दोन फ्रेंच तरुण एका शिखरावरून दुसऱ्या शिखरावर जाण्याच्या ईर्ष्येने निघाले ते परतलेच नाहीत. त्यांच्या शोधार्थ तेनसिंग नोर्गे सुनंदेच्या माथ्यावर गेला. दोन वर्षांनी तो एव्हरेस्टवर उभा राहिला, तरी आपल्या आयुष्यातील सर्वांत बिकट चढाई नंदादेवीचीच, असे तो सांगत असे. १९६४ साली एन. कुमार यांच्या नेतृत्वाखालील भारतीय तुकडीतील नवांग गोम्बू आणि दावा नोर्बू यांनी मुख्य शिखरावर पाय ठेवला.

यापुढचे प्रकरण एखाद्या कादंबरीत शोभावे असे आहे. परंतु ते खरे आहे. ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने आपल्या पहिल्या अणुबाँबचा स्फोट केला. त्यावर नजर ठेवण्यासाठी अमेरिकेच्या आणि भारताच्या गुप्तहेर खात्यांनी मिळून नंदादेवीच्या माथ्यावर एक यंत्र बसविण्याचे ठरविले. त्या यंत्राला वीज पुरविणारी पेटी प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारी होती. १९६५ च्या शरदात कॅप्टन मनमोहनसिंग कोहली यांच्या नेतृत्वाखाली ही सामग्री वर चढविली गेली. माथा थोडा राहिला असता वादळ आले. माणसांचे प्राण वाचविण्यासाठी सामान तेथेच कड्याला बांधून सर्वजण खाली उतरले. नेत्याने घेतलेला तो निर्णय योग्यच होता. पण पुढील वसंतात वर जाऊन पाहावे तो पेटी नाही! हिमकडा कोसळून ती त्याबरोबर गेली होती. दोन-तीन वर्षे शोध चालला. काही सापडले नाही. १९७८ साली ही हकीकत एका अमेरिकन मासिकात फुटली आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत तिची कबुली दिली. शास्त्रज्ञांची समिती नेमली गेली. तपासलेल्या पाण्यात दूषण आढळले नाही. पण पेटी अद्यापि तेथेच कोठेतरी बर्फात असावी. त्या प्लुटोनियमचा जोर निम्मा होण्यास सुमारे ८८ वर्षे लागतात. गंगेच्या उगमावर, देवीच्या अंगावर, आपण हे ठेवून आलो आहोत.

१९७४ साली हा प्रदेश परदेशी प्रवाशांना पुन्हा खुला झाला. १९७६ साली विली अन्सोल्ड हा अमेरिकन गिर्यारोहक आपल्या बावीस वर्षांच्या कन्येसह आला. तरुणपणी या पर्वताच्या दर्शनाने भारावून त्याने मुलीचे नावच नंदादेवी ठेवले होते. सप्टेंबरात माथ्याखालच्या तळावर ती आजारी पडून मरण पावली आणि बापाने तिला तेथेच हिमाच्या स्वाधीन केले. १९८१ साली रेखा शर्मा, हर्षवंती बिष्ट आणि चंद्रप्रभा ऐतवाल या तीन भारतीय महिला मुख्य शिखरावर पोहोचल्या. या साऱ्या धाडसाबद्दल मला आदरच आहे. पण धाडसी माणसांच्या मागून तुकड्यांवर तुकड्या आल्या. प्रत्येक तुकडीबरोबर हमाल आले. हमालांना स्वयंपाकासाठी सरपण लागले. ज्या थंडीत झाडाचे खोड बोटभर जाड होण्यास वर्षानुवर्षे लागतात, तेथील भूर्ज आणि जुनिपर चुलीत गेले. डबे, बाटल्या, फाटके तंबू कुरणांवर साचले. कस्तुरीसाठी मृग चोरून मारले जाऊ लागले. १९३४ साली पहिले पाऊल पडले आणि १९८२ साली सरकारला राष्ट्रीय उद्यान जाहीर करून पुढील वर्षापासून दार बंद करावे लागले. हिशेब करा: युगानुयुगे ज्या तटाने आपले अंतरंग राखले, ते विस्कटण्यास आम्हांला पन्नास वर्षेही लागली नाहीत.

बंदीचे फळ दिसू लागले. १९९३ साली सैन्यातील अभियंत्यांच्या तुकडीने शास्त्रज्ञांसह आत जाऊन पाहणी केली आणि जुना कचरा खाली आणला. रान पुन्हा सावरत असल्याचे दिसून आले. १९८८ साली युनेस्कोने या प्रदेशाला जागतिक वारशाचे स्थान म्हणून मान्यता दिली होती. २००५ मध्ये त्यात जवळच्या फुलांच्या खोऱ्याची भर पडली.

येथे मी थांबलो तर भाषण गोड होईल, पण खरे होणार नाही. कारण दार बंद केले त्याची किंमत कोणी मोजली? डबे टाकणारे आपापल्या देशी गेले. लाता आणि रैणी येथील भोटिया लोक मात्र जागच्या जागी राहिले. १९६२ च्या चीनच्या युद्धाने तिबेटशी चालणारा त्यांचा पिढीजात व्यापार बुडाला होताच. आता धरांसी आणि डिब्रुगेटा येथील कुरणांवर मेंढ्या नेणे बंद झाले, आणि वाटाड्याचे व हमालाचे कामही गेले. आणि हे लोक कोण? २६ मार्च १९७४ रोजी, गावातील पुरुषांना नुकसानभरपाईसाठी म्हणून चमोलीस बोलावलेले असताना, ठेकेदाराची माणसे रैणीच्या रानातील सुमारे अडीच हजार झाडे तोडावयास आली. तेव्हा गौरादेवी नावाची एक विधवा बाई गावातल्या सत्तावीस बाया-मुलींना घेऊन रानात गेली आणि झाडांना बिलगून उभी राहिली. ही गौरादेवी लात्याची माहेरवाशीण. कुऱ्हाडी परत गेल्या; सरकारने समिती नेमली आणि अलकनंदेच्या त्या खोऱ्यात दहा वर्षे वृक्षतोड बंद झाली. ज्यांनी रान वाचविले त्यांनाच रानात जाण्यास मज्जाव झाला. १९९८ साली त्यांनी आपल्या हक्कांसाठी आंदोलन केले, तेव्हा पुढे २००३ मध्ये बाहेरच्या भागात थोड्या प्रवाशांना, ठरावीक वाटेने आणि गावातील वाटाडे घेऊन, जाण्याची मुभा मिळाली. आतले दार बंदच आहे.

अखेरचा प्रसंग ७ फेब्रुवारी २०२१ चा. रविवारची सकाळ होती. त्रिशूळाच्या परिसरातील रोंती शिखराचा एक प्रचंड कडा सुटला. सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ अठराशे मीटर खाली दरीत कोसळले. त्यात खडक सुमारे चार हिस्से आणि बर्फ एक हिस्सा. पडताना झालेल्या घर्षणाच्या उष्णतेने तो जवळजवळ सारा बर्फ वितळला आणि दगडचिखलाचा लोंढा ऋषिगंगेतून रैणीवर आला. रैणीचा वीजप्रकल्प नाहीसा झाला, खाली तपोवनच्या प्रकल्पाच्या बोगद्यात काम करणारे मजूर अडकले. दोनशेहून अधिक माणसे गेली. पाऊस नव्हता, पावसाळा नव्हता. फेब्रुवारीतील स्वच्छ ऊन होते. गावात कुजबूज झाली की १९६५ ची ती पेटीच फुटली असावी. शास्त्रज्ञांनी उपग्रहाची छायाचित्रे तपासून कडा कोठून व कसा सुटला हे दाखवून दिले. पेटीचा त्याच्याशी संबंध जोडण्यास आधार नाही. पण श्रोतेहो, गावकऱ्यांच्या मनात ती शंका यावी यात दोष गावकऱ्यांचा नाही. त्यांना न विचारता त्यांच्या डोक्यावर काय नेऊन ठेवले गेले, हे त्यांना बारा-तेरा वर्षांनी वर्तमानपत्रांतून कळले होते. एकदा गमावलेला विश्वास वितळलेल्या बर्फासारखा असतो. तो चढ चढून परत येत नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. "बंदी कोणापासून?" आज मी त्याला असे सांगेन: बाळ, ही बंदी तुझ्यापासून नाही आणि लात्याच्या मेंढपाळापासून तर नाहीच नाही. ती आहे आपल्यातील त्या स्वभावापासून, जो प्रत्येक बंद दाराला आपला अपमान समजतो आणि उघड्या दाराला आपली मालमत्ता. ज्या लोकांना हे आधीच ठाऊक होते ते होमकुंडापाशी थांबत होते. त्यांना कायद्याची गरज नव्हती. कायदा आपल्यासाठी करावा लागला. तो केला हे ठीकच झाले. पण त्याचा भार ज्यांच्यावर पडला त्यांचे ऋण फेडणे अजून बाकी आहे.

काही वर्षांपूर्वी कौसानीस जाण्याचा योग आला. पहाटे अंगणात उभा राहिलो. प्रथम त्रिशूळावर लाली चढली, मग मागच्या रांगेतून नंदादेवीचा माथा उजळला. अंतर कितीतरी मैलांचे, पण हवा इतकी निर्मळ की हात पुढे केला तर लागेल असे वाटावे. शेजारी चहाची किटली घेऊन उभ्या असलेल्या तेथल्या म्हाताऱ्याने आधी जोडे काढले, हात जोडले आणि मग चहा ओतला. मीही जोडे काढले. इतकी वर्षे नकाशावर काठी टेकवून जे मी मुलांना शिकविले नव्हते, ते त्या माणसाने मला एका क्षणात शिकविले.